लवणसहिष्णुता, भातातील

लवणसहिष्णुता, भातातील : मृदेत वा पाण्यात विद्राव्य लवणांचे प्रमाण नेहमीपेक्षा अधिक असतानाही जगण्याची, वाढण्याची व दाणा भरण्याची भाताच्या रोपाची क्षमता. भात हे एकंदरीत लवणांस संवेदनशील असे पीक आहे. तथापि समुद्रकिनाऱ्यावरील खार जमिनींत पिढ्यानुपिढ्या लावले जाणारे त्याचे काही प्रकार इतर प्रकार करपून जातात अशा ठिकाणीही पीक देतात. हा गुण आनुवंशिक असतो. तो एका घटकावर अवलंबून नसून अनेक घटकांच्या बेरजेतून निर्माण होतो. त्यांतील सर्वांत महत्त्वाच्या घटकाची ओळख २००५ मध्ये पटली. कोकणातील राता, केरळातील पोक्कळी व बंगालमधील नोना बोक्रा हे अशा सहिष्णू भाताचे परिचित प्रकार होत. याच कुलातील जीन (आनुवंशिक लक्षणे एका पिढीतून पुढील पिढीत नेणारे घटक) द्राक्षवेलीतही सोडियमास अटकाव करतात, असे पुढे आढळून आले. त्यामुळे या विषयास भाताच्या शेतापलीकडेही महत्त्व आहे.

खार जमीन : रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा खाड्यांमुळे दंतुर झालेला आहे. उत्तरेस सावित्री नदीची बाणकोट खाडी असून तिच्या दक्षिणेस वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, काजळीची भाट्ये खाडी, मुचकुंदीची पूर्णगड खाडी आणि जैतापूरची खाडी अशा प्रमुख खाड्या आहेत. भरतीचे पाणी या खाड्यांतून बरेच आत शिरते; वाशिष्ठीत ते चिपळूणजवळच्या गोवळकोटापर्यंत पोहोचते. जिल्ह्याचा बराचसा भाग जांभ्या दगडाचे सडे व डोंगरउतार यांनी व्यापलेला असल्याने सपाट शेतजमीन थोडी आहे. म्हणून खाडीकाठच्या दलदलीच्या पट्ट्यांभोवती माती-दगडांचे बांध घालून त्या जमिनी लागवडीखाली आणण्याचा प्रघात पूर्वापार आहे. बांधात ठेवलेली उघाडी (पाणी सोडण्याचे दार) भरतीच्या वेळी मिटते व ओहोटीस उघडते. त्यामुळे पावसाचे पाणी बाहेर जाते, पण खाडीचे पाणी आत येत नाही. अशा जमिनीस खार किंवा खाजण असे म्हणतात. कोकणच्या किनारी जिल्ह्यांत मिळून असे क्षेत्र सु. ६५,००० हेक्टर असल्याचे मानतात. या बांधांची उभारणी व देखभाल यांसाठी मुंबई राज्यात १९४८ मध्ये खार जमीन अधिनियम करण्यात आला. त्यानंतर महाराष्ट्रात १९७९ चा खारभूमी विकास अधिनियम अस्तित्वात आला.

खार जमिनीतील लवणांचे प्रमाण वर्षभर सारखे राहत नाही. पावसाळा संपल्यावर वरचा थर वाळू लागतो. खालचे खारे भूजल मातीतील सूक्ष्म पोकळ्यांतून वर चढते. पाण्याची वाफ होऊन जाते व मीठ मागे उरते. मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीवर मिठाचा पांढरा थर दिसतो. रत्नागिरीस वर्षाकाठी ३,००० मिमी. हून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या काळातला असतो. जूनमधील सरींनी मीठ विरघळून उघाडीवाटे वाहून जाते आणि जुलै-ऑगस्टमध्ये जमीन पिकास योग्य होते. या अल्प मुदतीतच भाताचे पीक साधावे लागते. त्यासाठी खाचरांत पुष्कळदा बी भिजवून, मोड आणून चिखलात फोकतात. या पद्धतीस रहू असे म्हणतात. कोठे रोपांची लावणीही करतात. पाऊस उशिरा आला, तर कोवळ्या रोपास खारे पाणी मिळते. भाद्रपदात पावसाने ओढ दिली, तर मीठ पुन्हा वर येऊन फुलोऱ्यास बाधा होते. खार जमिनीत टिकणाऱ्या भाताची परीक्षा अशा रीतीने दोनदा होते.

लवणांचा परिणाम : मृदेतील लवणांचे मोजमाप तिच्या संपृक्त अर्काच्या विद्युत् संवाहकतेवरून करतात, लवण जितके अधिक तितके विजेचे वहन अधिक. ही संवाहकता ४ डेसीसीमेन्स प्रतिमीटरहून अधिक असल्यास मृदा लवणयुक्त मानतात. समुद्राच्या पाण्याची संवाहकता सु. ५० असते. अमेरिकन शास्त्रज्ञ ई. व्ही. मास व जी. जे. हॉफमन यांनी १९७७ मध्ये निरनिराळ्या पिकांच्या सहिष्णुतेची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांनुसार भाताचे उत्पन्न संवाहकता ३ पर्यंत घटत नाही; पुढे दर एककामागे ते सु. १२ टक्क्यांनी घटते. म्हणजे संवाहकता ६ असल्यास उत्पन्न एकतृतीयांशाहून अधिक कमी होते. द्राक्षवेल याहूनही नाजूक असून तिची मर्यादा १.५ इतकी आहे.

अधिक लवणांमुळे रोपाला दोन प्रकारे अपाय होतो. पहिला अपाय तर्षणाशी (कमी संहतीच्या विद्रावाकडून अधिक संहतीच्या विद्रावाकडे पाणी झिरपण्याच्या क्रियेशी) निगडित आहे. मुळांभोवतीचे पाणी खारट झाले की ते आत ओढून घेणे मुळांस कठीण जाते. चिखलात उभे असूनही रोप तहानलेले राहते आणि नवी पाने फुटण्याचा वेग मंदावतो. हा परिणाम मीठ लागताच दिसतो. दुसरा अपाय सावकाश होतो. मुळांतून शिरलेले सोडियमाचे व क्लोराइडाचे आयन (विद्युत् भारित अणू) पाण्याबरोबर पानांपर्यंत जातात. बाष्पोच्छ्वासाने पाणी उडून जाते. आयन मात्र पानातच साचत राहतात. प्रकाशसंश्लेषण व प्रथिननिर्मिती यांतील अनेक एंझाइमांना पोटॅशियमाची गरज असते. सोडियम रासायनिक दृष्ट्या पोटॅशियमासारखे असल्याने त्याची जागा घेते, परंतु त्याचे काम करू शकत नाही. जुनी पाने शेंड्याकडून पांढुरकी होऊन करपतात. पाने मरण्याचा वेग नवी पाने फुटण्याच्या वेगाहून वाढला की रोप मरते. म्हणूनच पानातील सोडियमाचे पोटॅशियमाशी असलेले प्रमाण हे सहिष्णुतेचे उपयुक्त गमक समजले जाते.

रोपाच्या सर्व अवस्था सारख्याच संवेदनशील नसतात. बी रुजताना, फुटवे फुटताना व दाणा पक्व होताना भात बऱ्यापैकी खारटपणा सोसतो. दोन-तीन पानांची कोवळी अवस्था आणि लोंबी तयार होऊन परागण होण्याची अवस्था या दोन मात्र अतिशय नाजूक आहेत. लोंबीच्या वेळी लवण वाढल्यास पराग निकामी होतात व लोंबीत पळिंजाचे प्रमाण वाढते. या दोन्ही अवस्थांतील सहिष्णुता बव्हंशी वेगवेगळ्या जीनांवर अवलंबून असते.

सहिष्णुतेचे मार्ग : खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या वनस्पतींनी लवणांशी सामना करण्याचे निरनिराळे मार्ग स्वीकारले आहेत. कांदळ आपल्या मुळांतच बहुतेक मीठ गाळून पाणी घेतो. तिवराच्या पानांवर लवणग्रंथी असतात व त्यांवाटे मीठ बाहेर टाकले जाते. त्याचे कण पानावर दिसतात. भारतीय उपखंडाच्या किनाऱ्यावरील भाताचा एक रानटी नातेवाईक (ओरायझा कोआर्क्टाटा) हाही पानांवाटे मीठ बाहेर टाकतो. लागवडीखालील भातास अशा ग्रंथी नसतात. त्यास पुढील मार्गांवर विसंबून राहावे लागते.

(१) मुळांतून सोडियम कमी प्रमाणात आत घेणे. मुळाच्या अंतस्त्वचेत (आतील स्तरात) मेणचट पदार्थाची पट्टी असते व ती कोशिकांमधील फटी बुजविते. भातात उपमुळे फुटतात त्या जागी हा बंदोबस्त सैल पडतो व सोडियम त्या आडवाटेने आत शिरते. ही आडवाट जितकी अरुंद, तितके रोप अधिक सुरक्षित. (२) प्रकाष्ठात (पाणी व खनिजे मुळांकडून वर नेणाऱ्या ऊतकात) शिरलेले सोडियम वाटेतच परत काढून घेणे. (३) वर गेलेले सोडियम जुन्या पानांत व पर्णतलात साठवून नवी पाने व लोंबी यांना वाचविणे. (४) कोशिकेतील सोडियम रिक्तिकेत (द्रवाने भरलेल्या पोकळीत) कोंडून एंझाइमांपासून दूर ठेवणे. (५) जोमदार वाढीने आत आलेल्या सोडियमाची संहती कमी करणे. उंच व वेगाने वाढणाऱ्या देशी प्रकारांना या शेवटच्या मार्गाचा विशेष लाभ होतो.

ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ टी. जे. फ्लॉवर्स व ए. आर. यो यांनी १९८० नंतरच्या दशकात अनेक प्रकारांचा अभ्यास करून असे दाखविले की, हे सर्व गुण एकाच प्रकारात एकत्र आलेले आढळत नाहीत. एखाद्यात वाढीचा जोम असतो पण सोडियमास अटकाव बेताचा असतो. दुसऱ्यात उलट स्थिती असते. इतकेच नव्हे, तर एकंदर असहिष्णू भासणाऱ्या प्रकारातही एखादा उपयुक्त गुण दडलेला असू शकतो. म्हणून केवळ ‘कोणते रोप जगले’ हे पाहून निवड न करता एकेक गुण ओळखून ते संकराने एकत्र आणावेत, असे त्यांनी सुचविले. पुढील संशोधनास या विचाराने दिशा मिळाली.

आनुवंशिक आधार : सहिष्णू व असहिष्णू भातांचा संकर केल्यास दुसऱ्या पिढीत रोपांचे दोन स्पष्ट गट पडत नाहीत, अतिसहिष्णूपासून अतिनाजूकापर्यंत सर्व पायऱ्या दिसतात. यावरून हे लक्षण उंची वा उत्पन्न यांप्रमाणे परिमाणात्मक असून अनेक जीनांच्या प्रभावाखाली आहे, हे पूर्वीच लक्षात आले होते. गुणसूत्रांवर (जीनांचे वाहक असलेल्या सूत्रांवर) ठराविक अंतराने असणाऱ्या रासायनिक खुणा ओळखण्याचे तंत्र उपलब्ध झाल्यावर यांपैकी प्रभावी जीन नेमके कोठे आहेत, हे शोधणे शक्य झाले. भातात गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पोक्कळी व आयआर २९ या असहिष्णू वाणाचा संकर करून केलेल्या अभ्यासात पहिल्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर सहिष्णुतेशी निगडित असा भाग १९९७ मध्ये आढळला. त्यास सॉल्टॉल असे नाव देण्यात आले. कोवळ्या रोपाच्या खोडापानांतील सोडियम-पोटॅशियम प्रमाणावर या भागाचा मोठा प्रभाव असतो.

चीनमधील शास्त्रज्ञांनी नोना बोक्रा व कोशिहिकारी हा जपानी वाण यांच्या संकरावर स्वतंत्रपणे काम केले. त्यांनाही पहिल्या गुणसूत्रावरील त्याच परिसरात एक जीन सापडला. रोपारोपांतील पोटॅशियमाच्या प्रमाणात जो फरक दिसत होता, त्यापैकी सु. ४० टक्के फरकाचा उलगडा या एका स्थानावरून होत होता. त्यास एसकेसी १ असे नाव मिळाले. २००५ मध्ये हा जीन वेगळा करून त्याचे कार्य स्पष्ट करण्यात आले. तो एचकेटी या कुलातील एका वाहक प्रथिनाची घडण ठरवितो (या कुलातील त्याचे नाव एचकेटी १;५). हे प्रथिन प्रकाष्ठालगतच्या मृदूतक (पातळ भित्तीच्या) कोशिकांच्या पटलात असते. मुळांतून वर निघालेल्या पाण्यातील सोडियमाचे आयन ते ओढून शेजारच्या कोशिकांत परत घेते. पोटॅशियम मात्र वर जाऊ देते. वरील मार्गांपैकी दुसरा मार्ग तो हाच. बांधाच्या उघाडीचे जे काम, तेच काहीसे हे प्रथिन रोपाच्या अंतर्भागात करते.

येथे विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा जीन असहिष्णू भातातही असतो. नोना बोक्रा व कोशिहिकारी यांच्या प्रथिनांत केवळ चार ॲमिनो अम्लांचा फरक आहे. परंतु त्यामुळे नोना बोक्रातील प्रथिन सोडियमाचे वहन अधिक वेगाने करते. म्हणजे सहिष्णू भाताजवळ एखादा निराळा अवयव वा खास जीन असतो असे नसून, सर्वांजवळ असलेल्या एका यंत्रणेचे सरस रूप त्याच्याजवळ असते. अशी सरस रूपे निरनिराळ्या किनाऱ्यांवरील भातांत निरनिराळी आढळली आहेत. काही देशी प्रकार तर सॉल्टॉलचे ज्ञात रूप नसतानाही सहिष्णू आहेत. त्यांची क्षमता इतर जीनांतून आलेली असली पाहिजे. यामुळे प्रत्येक खाडीकाठचे बी हे स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगे ठरते.

इतर मार्गांचे जीनही ज्ञात झाले आहेत. एसओएस या गटातील जीनांमुळे मुळांच्या कोशिका सोडियम बाहेर ढकलतात, तर एनएचएक्स गटातील जीनांच्या प्रथिनांमुळे ते रिक्तिकेत कोंडले जाते. डीएसटी नावाचा जीन याच्या उलट प्रकारचा आहे. तो त्वग्रंध्रे (पानांवरील सूक्ष्म छिद्रे) मिटण्यास प्रतिबंध करतो. म्हणून तो निकामी झाल्यास बाष्पोच्छ्वास घटतो आणि रोप अवर्षण व लवण या दोहोंना अधिक तोंड देऊ शकते. ही गोष्ट २००९ मध्ये प्रसिद्ध झाली.

द्राक्षवेलीचे उदाहरण : रत्नागिरीच्या दमट हवेत द्राक्षाची लागवड होत नाही, परंतु सह्याद्रीच्या पूर्वेस नासिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांतील द्राक्षबागांना लवणांची समस्या निराळ्या वाटेने भेडसावते. तेथे मीठ समुद्रातून येत नाही. कमी पावसाच्या प्रदेशात विहिरी व कूपनलिका यांच्या क्षारयुक्त पाण्याने वर्षानुवर्षे सिंचन केल्याने ते जमिनीत साचते व त्यास धुऊन नेणारा पाऊस नसतो. यावर उपाय म्हणून वेल स्वतःच्या मुळांवर न वाढविता सहिष्णू खुंटावर कलम करण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात रूढ झाली. त्यासाठी प्रामुख्याने डॉगरिज हा खुंट वापरण्यात आला. पुण्याजवळील मांजरी येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील अभ्यासांत, ११० आर या खुंटावरील वेलींत सोडियमाचा संचय डॉगरिजवरील वेलींपेक्षा कमी होतो, असे आढळले. वेलीची फांदी तीच असता केवळ मुळे बदलल्याने पानातील सोडियम बदलते. यावरून सोडियमास अटकाव मुळांतच होतो, हे प्रत्यक्ष सिद्ध होते. भातात कलम करणे अवघड असल्याने असा स्पष्ट पुरावा सहजी मिळत नाही.

ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १४० रुग्गेरी व के ५१-४० या दोन खुंटांच्या संकरावरून २०१८ मध्ये या अटकावाचे स्थान द्राक्षाच्या ११ व्या गुणसूत्रावर निश्चित केले. तेथेही एचकेटी कुलातीलच जीन (एचकेटी १;१) कारणीभूत असून सरस व निकृष्ट रूपांतील फरक ॲमिनो अम्लांच्या थोड्या बदलांमुळे पडतो, असे दिसून आले. गव्हाच्या बाबतीत २०१२ मध्ये याच कुलातील जीन एका प्राचीन गव्हाच्या जातीतून आणला असता लवणयुक्त जमिनीत उत्पन्न सु. २५ टक्क्यांनी वाढले होते. भात व गहू ही एकदलिकित तृणे आणि द्राक्ष ही द्विदलिकित वेल. त्यांचे पूर्वज फार पुरातन काळी विभक्त झाले. तरीही तिघांत एकाच कुलातील जीन हे काम करतात. द्राक्षात क्लोराइडास होणारा अटकाव मात्र निराळ्या व अनेक जीनांवर अवलंबून असल्याने त्याचा उलगडा अधिक कठीण ठरला आहे. [⟶ द्राक्ष].

सहिष्णू वाणांची निर्मिती : महाराष्ट्रात या दृष्टीने झालेले काम मुख्यतः पनवेल (जि. रायगड) येथील खारभूमी संशोधन केंद्रात झाले. हे केंद्र दापोली (जि. रत्नागिरी) येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाच्या (आताचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ) अखत्यारीत आहे. स्थानिक राता भातांतून निवड पद्धतीने काढलेले काळा राता १-२४ व भुरा राता ४-१० हे प्रकार प्रथम प्रसारात आले. हे प्रकार उंच असून त्यांचा दाणा जाड व तांबूस असतो. खार जमिनीत ते खात्रीचे, पण उत्पन्नाने बेताचे असतात आणि पीक लोळण्याचा धोका असतो. पुढे भुरा राता ४-१० व आयआर ८ हा ठेंगणा, भरघोस उत्पन्नाचा वाण यांच्या संकरातून पनवेल १ व पनवेल २ हे वाण तयार करण्यात आले. रत्नागिरीजवळील शिरगाव येथील कृषी संशोधन केंद्राचे रत्नागिरी २४ इ. वाण प्रसिद्ध असले, तरी ते गोड्या जमिनींसाठी आहेत. गोव्यात खाजण जमिनींतील कोरगुट या देशी भातातून निवड करून सहिष्णू वाण काढण्यात आले आहेत. हरयाणातील कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने (स्थापना १९६९) सीएसआर मालिकेतील वाण दिले.

पनवेलच्या पैदासकारांनी ही निवड केली, तेव्हा एसकेसी १ चा शोध लागावयाचा होता. शेतात कोणते रोप हिरवे राहिले व कोणती लोंबी भरली एवढ्यावरच त्यांची निवड आधारलेली होती. जीनांचे स्थान कळल्यामुळे आता कामाची पद्धत बदलली आहे. भाताची ठेंगणी उंची ठरविणारा जीनही पहिल्याच गुणसूत्रावर, पण सॉल्टॉलच्या विरुद्ध बाहूवर आहे. त्यामुळे दोहोंची फारकत करून ठेंगणा व सहिष्णू असा मेळ घालणे शक्य होते. चांगल्या वाणाचा सहिष्णू भाताशी संकर करून संततीचा पुन्हापुन्हा त्याच चांगल्या वाणाशी प्रतिसंकर करतात. दर पिढीत कोवळ्या पानाच्या तुकड्यावरून इष्ट जीन आला आहे की नाही, हे रासायनिक खुणांनी तपासतात. त्यामुळे शेतातील खारटपणा त्या वर्षी किती होता, यावर निवड अवलंबून राहत नाही. या रीतीने सॉल्टॉल हा भाग भारतात बासमतीसह अनेक वाणांत आणण्यात आला आहे. मे २०२५ मध्ये भारत सरकारने पुसा डीएसटी राइस १ या वाणाची घोषणा केली. यात एमटीयू १०१० या वाणातील डीएसटी जीन परका जीन न घालता जीनसंपादन तंत्राने बदलण्यात आला आहे.

मर्यादा व जतन : जीनांच्या ज्ञानाने सर्व प्रश्न सुटतात असे नाही. एचकेटी १;५ चा लाभ मुख्यतः कोवळ्या अवस्थेत होतो; फुलोऱ्यातील सहिष्णुतेचे जीन अद्याप तितके स्पष्ट झालेले नाहीत. शिवाय कोणताही लागवडीखालील भात खाडीच्या निखळ पाण्यात पिकत नाही. बांधास खांड पडून भरती शेतात शिरली, तर सहिष्णू वाणही वाचत नाही. खांड वेळीच बुजविली नाही, तर काही वर्षांत त्या जागी तिवरे वाढतात व शेत पुन्हा खाडीचा भाग बनते. समुद्राची पातळी वाढत असल्याने बांधांवरील ताण वाढणार आहे. सहिष्णू बियाणे हे बांध व उघाडी यांना पूरक आहे; ते त्यांची जागा घेऊ शकत नाही.

याउलट बांध राहिला आणि बी गेले, तरीही हानी होते. कोकणच्या दमट हवेत घरी ठेवलेले भाताचे बी फार काळ टिकत नाही. दोन-तीन पावसाळे पेरणी चुकली, तर उगवणक्षमता नाहीशी होऊन तो प्रकार त्या गावातून कायमचा लुप्त होतो. बांध फुटणे, मजुरांची टंचाई, शहरांकडे होणारे स्थलांतर आणि जाड तांबड्या तांदळाची घटलेली मागणी यांमुळे अनेक खारांत असे घडले आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संपदा संस्थेच्या जीनपेढीत बियांचे नमुने उणे १८° से. तापमानात दीर्घकाळ टिकविले जातात. तथापि पेढीतील बी जसे ठेवले तसेच राहते. बदलत्या खारटपणात दर वर्षी नव्याने निवड होण्याची क्रिया फक्त शेतातच चालते. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाने शेतकऱ्यांना त्यांनी जोपासलेल्या वाणांची नोंदणी करण्याचा हक्क दिला आहे.

प्रयोगशाळेत जे सरस रूप शोधले जाते, ते मुळात खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी, जीन हा शब्दही ज्ञात नसता, करपलेल्या खाचरातील तगलेल्या लोंब्या बियाण्यासाठी वेगळ्या काढून टिकविलेले आहे. संपादन वा संकर यांच्या तंत्रांनी ज्ञात जीन एका वाणातून दुसऱ्यात नेता येतो. ज्या प्रकाराचा अभ्यास होण्यापूर्वीच तो नष्ट झाला, त्याच्यातील जीन मात्र कोणत्याही तंत्राने परत मिळविता येत नाहीत. [⟶ भात, मृदा].